अकोट्यातला कॅफे, इंग्लंड-न्यूझीलंड मॅच आणि पळवलेला महाराज

कॅफेचं नाव लिहीत नाही, मालक ओळखीचा आहे आणि पुढे थोडं वाईट पण लिहिणार आहे. दांडिया बाजारातून अकोट्याचा ब्रिज उतरलात की आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सवाला, जिना अंधारा. बडोद्यात रग्बी दाखवणारी मला तरी ही एकच जागा सापडली, आणि दाखवतात म्हणजे काय तर सांगितलं की लावतात. घरी अ‍ॅप आहे की, वर्षाचे पैसे भरलेत, पण ते बरोब्बर ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवणं, रग्बीतला गोलच म्हणा) व्हायच्या वेळेला गोल गोल फिरत बसतं आणि कस्टमर केअरवाला म्हणतो सर वायफाय चेक करा. म्हणून हा खटाटोप.

२०२५ च्या १५ नोव्हेंबरचा शनिवार, इंग्लंड-न्यूझीलंड, आपल्याकडे रात्री ८:४० ला. मी, माझा भाचा जो दोन वर्षं मेलबर्नला शिकून आलाय आणि तेव्हापासून दर वाक्याला 'मामा तुला नाही कळणार' म्हणतो, आणि आमचे अप्पाकाका. काकांना रग्बीशी काही देणंघेणं नाही, त्यांना तिथलं चीझ ग्रिल सँडविच आवडतं. आता तारीख बघा, नेमका आयपीएलच्या रिटेन्शनचा, म्हणजे कुठली टीम कोणाला ठेवणार, कोणाला सोडणार ते कळायचा दिवस. सगळा कॅफे जडेजावर तुटून पडलेला. चेन्नईने आपल्या जड्डूला राजस्थानला दिला, सॅमसनला उचललं, वर जडेजाचे अठरा कोटींचे चौदा झाले, आणि शेजारच्या टेबलावरची चार पोरं असं बोलत होती जसं त्यांच्या घरातलं कोणीतरी वेगळं निघालंय. रिमोटसाठी मला मालकापर्यंत जावं लागलं. तो म्हणाला, "साहेब, रग्बी एटले पेली अमेरिकावाळी, हेल्मेटवाळी?" नाही रे बाबा, ती वेगळी.

स्क्रीन मात्र मस्त, त्याला पूर्ण मार्क. प्रोजेक्टर चांगला आहे, भिंत पांढरी आहे, खुर्च्या बऱ्या आहेत. आवाजाचं काय सांगू, हाका, म्हणजे न्यूझीलंडवाल्यांचा मॅचआधीचा नाच, चालू होता, ते काळ्या जर्सीवाले मांड्या बडवतायत, जिभा काढतायत, आणि स्पीकरवर कुठलं तरी झोपाळू हिंदी लवसाँग, कारण टीव्हीचा आवाज दिला तर कपल लोकांना त्रास होतो म्हणे. दोन वेळा सांगितल्यावर दहा मिनिटं आवाज दिला, मग परत बंद. तरी मॅच अशी झाली की मूकपट असता तरी बघितला असता. न्यूझीलंड १२-०, मग जॉर्ज फोर्डने हाफटाइमच्या आत दोन ड्रॉप गोल (बॉल हातातून खाली टाकून उसळताच खांबांमधून मारायचा) ठोकले, आणि शेवटी इंग्लंड ३३-१९. घरच्या ग्राउंडवर न्यूझीलंडला त्यांनी २०१२ नंतर आत्ता हरवलं. जडेजावाली पोरं पण शेवटची वीस मिनिटं खुर्च्या वळवून बसली होती, नियम विचारत होती, भाचा खूश.

हाफटाइमला भाच्याने विषय काढला आर३६० चा. म्हणजे रग्बीची नवी प्रायव्हेट लीग, पुरुषांच्या आठ टीम, बायकांच्या चार, शहराशहरात फिरणार, फॉर्म्युला वनसारखं, मॅचेस कमी आणि पैसा जास्त. पुढे कोण तर माइक टिंडल, २००३ ला वर्ल्डकप जिंकलेल्या इंग्लंडच्या टीममधला, राणीच्या नातीचा नवरा. युनियनवाले आणि लीगवाले दोघांचेही प्लेअर गळाला लावायचे असा प्लॅन. (हे दोन वेगळे खेळ आहेत, युनियन पंधरा प्लेअरचा आणि लीग तेराचा, मला हे तीन वेळा समजावून झालंय.) तर ऑक्टोबरमध्ये आठ देशांच्या बोर्डांनी एकत्र पत्रक काढलं, त्यात इंग्लंड, न्यूझीलंड, साउथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स सगळे, की तिकडे जाल तर देशाकडून खेळायचं विसरा. आणि ऑस्ट्रेलियातल्या तेरावाल्यांनी, एनआरएलने, तर सरळ दहा वर्षांची बंदी लावली. दहा वर्षं! रग्बी प्लेअरचं अख्खं करिअर तेवढं नसतं.

मी म्हटलं, पैशासाठी देश सोडतात म्हणजे लोभीच की. भाचा चिडला. म्हणाला मामा, त्याच २००३ च्या टीममध्ये स्टीव्ह थॉम्प्सन होता, हूकर, म्हणजे स्क्रममध्ये दोन्ही टीमचे लोक वाकून एकमेकांना ढकलतात त्याच्या मधोमध मान घालणारा. डोक्याला इतके मार बसले की बेचाळिसाव्या वर्षी डिमेन्शिया निघाला, आणि त्याने स्वतः सांगितलंय की वर्ल्डकप जिंकल्याचं त्याला आठवत नाही. आता बोल, बत्तीस-तेहतीसला शरीर मोडून रिटायर होणाऱ्या माणसाने डबल पैसे नको म्हणायचे का. मी गप्प बसलो आणि छास मागवली. छास चांगली होती, जिरं भाजून टाकतात.

मग अप्पाकाका बोलले. सँडविच संपेपर्यंत ते बोलत नाहीत. म्हणाले, अरे पळवापळवीचं तुम्ही बडोदेकर काय नवल करताय, आपल्या गावाचं क्रिकेटच त्याच्यावर उभं राहिलं. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० ला महाराष्ट्राकडून खेळताना पुण्यात कोणाविरुद्ध नाबाद ३१६ मारले? बडोद्याविरुद्ध! आणि पुढच्या दोन वर्षांत हजारे बडोद्यात, संस्थानच्या नोकरीत. गुल महंमद लाहोरचा, तो पण आणला. तिकडे इंदूरला होळकरांनी सी. के. नायडूंना नागपूरहून नेऊन सैन्यात हुद्दा दिला होता, ते त्याच्या कितीतरी आधी. आणि मग १९४७ ला रणजी फायनल, बडोद्यात, बडोदा विरुद्ध होळकर, म्हणजे बाहेरून आणलेल्यांची बाहेरून आणलेल्यांशी. हजारे २८८, गुल महंमद ३१९, पार्टनरशिप ५७७, जगातला रेकॉर्ड, २००६ पर्यंत कोणाला मोडता आला नाही. एक डाव आणि ४०९ रनने जिंकलो. काकांचा जन्म त्याच आठवड्यातला, आणि त्यांचे वडील दवाखान्यात नव्हते, ग्राउंडवर होते, ही तक्रार त्यांच्या आईने शेवटपर्यंत केली.

पण काकांचं पुढचं वाक्य मला महत्त्वाचं वाटलं. म्हणाले, हजारेंना आणलं तसं सांभाळलं पण. नोकरी दिली, इज्जत दिली, माणूस बडोद्याचाच होऊन गेला, २००४ ला इथेच वारला. पळवायचं तर असं पळवा.

रग्बीत हे सांभाळायचंच गणित कायम चुकलेलं दिसतं. खेळ फुटला तोच पैशावरून, १८९५ च्या २९ ऑगस्टला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात. उत्तर इंग्लंडचे गिरणीतले, खाणीतले लोक शनिवारी खेळायला आले की मजुरी बुडायची, ती भरून द्या एवढंच मागणं, ते पण खानदानी मंडळींना पटलं नाही, म्हणून क्लब बाहेर पडले आणि तेरावाला खेळ जन्मला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. पुढे शंभर वर्षं पंधरावाले आम्ही पैशासाठी खेळत नाही असं म्हणत राहिले. मग १९९५ ला ऑस्ट्रेलियात मर्डोक आणि पॅकर या दोन टीव्हीवाल्यांची तेरावाल्यांवरून मारामारी, त्यात पंधरावाल्यांचे प्लेअर पण कोणी उचलून नेईल अशी भीती. वर्ल्डकप फायनलच्या तोंडावर साउथ आफ्रिका, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाच्या बोर्डांनी मर्डोकशी दहा वर्षांचा ५५ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. तिकडे वर्ल्ड रग्बी कॉर्पोरेशन नावाची दुसरी मंडळी वर्ल्डकप जिंकलेल्या कॅप्टनसकट सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरत होती. ती योजना बारगळली, पण ऑगस्टमध्ये पंधरावाल्यांच्या आंतरराष्ट्रीय बोर्डाला झक मारत खेळ प्रोफेशनल जाहीर करावा लागला. म्हणजे पळवायला आलेला रिकाम्या हाताने गेला तरी जे मागे राहिले त्यांचा पगार सुरू झाला. हे कोणी मोजत नाही.

आपल्याकडे पण तेच की. २००७ ला झीवाल्यांची आयसीएल ही प्रायव्हेट क्रिकेट लीग आली, कपिल देव पुढे, आपल्या बडोद्याचे किरण मोरे पण त्यात, बोर्डाने सगळ्यांना दारं बंद केली, आणि दुसऱ्याच वर्षी बोर्डाने स्वतः आयपीएल काढली. २००९ ला प्लेअरना माफी दिली. अंबाती रायुडू तिकडून परत येऊन आपल्याकडेच, बडोद्याकडून रणजी खेळला, मग २०१३ ला इंडियाकडून. किती जण मात्र परत आलेच नाहीत, त्यांची नावं आज कोणाला आठवतात.

आता दुसरी व्हिजिट, २३ नोव्हेंबर, रविवार, इंग्लंड-अर्जेंटिना, ९:४० ला. मॅच इंग्लंडने २७-२३ अशी कशीबशी काढली. काकांनी नेहमीचं सँडविच मागवलं आणि पहिल्या घासाला खाली ठेवलं. ब्रेड एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने पांढरा, चटणी फ्रीजमधली गारढोण, चीझ वितळलेलं पण नाही. किंमत तीच, १८०. मालकाला विचारलं तर तोंड पाडून म्हणाला, साहेब महाराज गयो. महाराज म्हणजे इकडे स्वयंपाकी. बायपासवर नवीन फूड कोर्ट होतंय, त्यांनी पाच हजार जास्त बोलून उचलला, आणि गंमत म्हणजे ते फूड कोर्ट अजून सुरूच झालं नाही, फायरची परवानगी अडकली आहे. काका म्हणाले, एकेकाळी महाराज प्लेअर पळवायचे, आता तुम्ही लोक महाराज पळवता.

आणि त्याच दोन-तीन दिवसांत बातमी आली होती की आर३६० पण २०२६ ला नाही, आता २०२८ ला. वाचून मला पहिला तो झॅक लोमॅक्स आठवला, ऑस्ट्रेलियातला विंगर, पॅरामॅटा या एनआरएल क्लबकडे २०२८ पर्यंतचं काँट्रॅक्ट होतं. नव्या लीगकडे जाणार अशी चर्चा आणि क्लबने त्याला मोकळं केलं, ते पण दुसऱ्या एनआरएल क्लबकडे सहजासहजी जाता येणार नाही अशी अट घालून. इकडे हा मोकळा झाला न झाला तोच लीग पुढे ढकलली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं. बोर्डवाल्यांची बंदी मला दादागिरीच वाटते, पण आधी माणसं हलवायची आणि मग दोन वर्षं थांबा म्हणायचं, हे त्याहून वाईट. भाच्याला पण यावर काही बोलता आलं नाही, पहिल्यांदाच.

मालकाला मी म्हटलं, महाराजला फोन कर, घे परत. म्हणाला, एकदा गेला तो गेला, दुसऱ्यांना वाटेल कोणीही जावं आणि यावं. अगदी एनआरएल! मी त्याला दहा वर्षांची बंदी वगैरे सांगितलं, त्याला ती आयडिया आवडली, त्यामुळे सांगून चूक केली असं वाटलं.

बाकी माहिती. पार्किंग नाही, ब्रिजखाली लावून चालत या. पाणी मागितल्याशिवाय मिळत नाही. टेबलावर लीलो चेवडो फुकट ठेवतात, तो मात्र ताजा असतो आणि परत मागितला तर तोंड वाकडं करत नाहीत. वेटर पोरगा सज्जन. रात्री अकराला लाइट बंद करायला लागतात, त्यामुळे आयर्लंड-साउथ आफ्रिका बघायचा प्रश्नच नव्हता, ती ११:१० ला होती. पहिल्या व्हिजिटला पाचात चार, दुसऱ्याला अडीच, आणि ते दीड मार्क एका माणसाचे आहेत जो आत्ता घरी बसलाय.

पुढची मॅच २०२६ च्या १४ फेब्रुवारीची, कलकत्ता कप, स्कॉटलंड-इंग्लंड, आपल्याकडे रात्री दहाच्या पुढे. हा कप म्हणजे कलकत्त्याच्या रग्बी क्लबने १८७८ ला गाशा गुंडाळताना बँकेतले चांदीचे २७० रुपये वितळवून केलेला, हँडलला नाग, झाकणावर हत्ती. फुकटचा बार बंद झाल्यावर मेंबर पळाले असं सांगतात, काका म्हणाले मग गुजरातेत क्लब निघालाच नसता. मालकाला आत्ताच विचारून ठेवलं, कोपऱ्यातलं टेबल, तीन माणसं, अकरानंतर शटर अर्धं ओढून बसू देशील का. तारीख ऐकून हसायला लागला. "साहेब, ते दिवसे तो व्हॅलेंटाइन छे," म्हणाला, भिंतीवर फुगे लागणार आहेत, प्रोजेक्टर बंद.