झांबोआंगात लोकल गाईडसोबत अर्धा दिवस : फोर्ट पिलार, प्लाझा पर्शिंग आणि मोरोंचा इतिहास

मुलगी फिलिपिन्समध्ये दावावला एमबीबीएस करतेय, तिला भेटायला गेलो तेव्हा दोन दिवस काढून विमानाने तिथल्याच दक्षिणेकडच्या झांबोआंगा शहरात जाऊन आलो. पहिल्या दिवशी एका एजंटाची ग्रुप टूर घेतली ती साफ वाया गेली, फोर्ट पिलार या जुन्या स्पॅनिश किल्ल्यापाशी उतरवलं, भिंतीपाशी मेणबत्ती लावा, फोटो काढा, बसा गाडीत. मोरो (इथले मुसलमान) म्हणजे कोण विचारलं तर म्हणे समुद्री चाचे. संपलं. म्हणून दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्याने जोडून दिलेला लोकल गाईड घेतला, गाडीसकट अर्धा दिवस, आणि हा रिव्ह्यू त्याच्याबद्दल आहे.

माणूस स्वतः ताउसुग, म्हणजे सुलू बेटांवरच्या मोरो समाजातला, घरचे मूळचे तिथल्या जोलोचे. किल्ल्यात शिरायच्या आधी बाहेर सावलीत उभं करून म्हणाला, हा किल्ला कुणासाठी बांधला ते सगळे सांगतात, कुणाच्या भीतीने बांधला ते मी सांगतो. १६३५ ला स्पॅनिशांनी इथे बांधकाम सुरू केलं ते सुलू आणि मागिंदानावच्या सुलतानांना आवरायला. १६३७ ला स्पॅनिश गव्हर्नर कोर्कुएराने मागिंदानावच्या सुलतान कुदारातची राजधानी लामितान जिंकली पण कुदारात हाती लागला नाही, डोंगरात गेला, परत उभा राहिला आणि १६७१ पर्यंत जगला. हे ऐकताना कुठल्याही मराठी माणसाला काय आठवेल ते सांगायला नको. उलट स्पॅनिशच १६६३ मध्ये हा किल्ला सोडून मनिला वाचवायला गेले, चिनी सेनानी कोक्सिंगाच्या हल्ल्याची भीती होती म्हणून, आणि परतले ते थेट १७१८ च्या सुमारास.

मोरो हे नाव पण स्पॅनिशांनीच चिकटवलेलं, मायदेशी ज्या मूर मुसलमानांशी लढले तेच नाव इथल्या मुसलमानांना. आज तेच लोक अभिमानाने बांग्सामोरो म्हणवतात. यातलं बांग्सा म्हणजे संस्कृतातला वंश, आणि मोरोंच्या गढीला म्हणतात कोता, म्हणजे आपला कोट! मी हे सांगितल्यावर गाईडने माझ्याकडून कोट शब्द दोनदा म्हणवून घेतला.

खरी किंमत वसूल झाली ती प्लाझा पर्शिंगमध्ये. छान बाग आहे, लोक निवांत बसलेले असतात, आणि तिथे बाकावर बसून त्याने तासभर अमेरिकन काळ सांगितला. १८९८ ला स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन फिलिपिन्स अमेरिकेला दिलं, त्यात मोरोंचा मुलूखही धरला जो स्पेनच्या ताब्यात कधी पूर्ण आलाच नव्हता. १८९९ ला अमेरिकेने सुलूच्या सुलतानाशी बेट्स करार केला, उत्तरेकडची फिलिपिनोंशी लढाई आटपेपर्यंत इकडे शांतता हवी होती म्हणून, आणि १९०४ ला एकतर्फी मोडला. मग डोईपट्टी आली, ती मोरोंना परक्या धर्माच्या राज्याला दिलेली खंडणी वाटायची. मार्च १९०६ ला जोलो बेटावर बुद दाजोच्या विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात जाऊन बसलेली माणसं, अमेरिकन सैन्याने बायकापोरांसकट ८०० च्या वर मारली, जिवंत राहिले अगदी मोजके. प्रेतांच्या खंदकाच्या काठावर उभ्या सैनिकांचा फोटो त्याने मोबाईलवर दाखवला, मला पुढे काही विचारायला सुचेना. अमेरिकन जनरल पर्शिंगने १९११ ला हत्यारं जमा करायचा हुकूम काढला, बारोंग आणि क्रिस ही पात्याची हत्यारं म्हणजे तिथल्या माणसाच्या अब्रूची गोष्ट, लोक बुद बागसाक डोंगरावर चढले आणि जून १९१३ ला तिथेही शेकडो मेले. आणि आपण बसलोय त्याच पर्शिंगच्या नावाच्या बागेत. गाईडने हे आवाज न चढवता सांगितलं म्हणून जास्त लागलं.

पुढचा भाग थोडा घाईत झाला. १९६८ चं जाबिदा हत्याकांड (सैन्याने आपल्याच मोरो रंगरूटांना मारलं ते), मिसुआरींची बंडखोर मोरो संघटना एमएनएलएफ, १९७४ ला तिच्या आणि सैन्याच्या लढाईत जळालेलं जोलो (त्याची आजी तेव्हाच होडीतून इकडे आली), २०१४ चा सरकार आणि मोरो बंडखोरांतला करार, २०१९ ला झालेला बांग्सामोरो स्वायत्त प्रदेश, सगळं गाडीत बसून. रिओ होंदो वस्तीजवळ मात्र थांबवलं, २०१३ ला मोरो बंडखोर शहरात घुसले त्या वेढ्यात लाखावर लोक विस्थापित झाले ते इथूनच आसपास. इथे तो मोरो बंडखोरांची पण बाजू घेत बसला नाही, त्यांनी सामान्य लोकांना ओलीस धरलं हे स्पष्ट बोलला, मला हे फार आवडलं.

भाव आधी ठरला तेवढाच घेतला, इंग्रजी समजेल असं, गाडीचा एसी यथातथा. ५ पैकी ४, एक कापला कारण कुदारातचा मागिंदानाव भाग फारच थोडक्यात उरकला. जोलोला तो पर्यटक नेत नाही, आग्रह करू नका, आणि निघायच्या आधी सरकारी सुरक्षा सूचना नक्की बघा. सकाळी लवकर निघा म्हणजे आधी साती खाता येते, लाल तिखटगोड रश्शात भात आणि सळईवरचं मांस, दहापर्यंत संपतं.