केळीच्या चेंबरला जनरेटर: डिझेल, एलपीजी की पेट्रोल?

सावदा-रावेर पट्ट्यात केळी पिकवण्याचं चेंबर टाकताय, तर जनरेटर लागणारच. आत १६ ते १८ अंश धरायचे आणि मे महिन्यात बाहेर पारा ४५ वर. शिवाय पिकणारं फळ स्वतःही उष्णता सोडतं. लाइट दोन-तीन तास गेली की माल एकसारखा रंग धरत नाही, आणि व्यापारी भाव पाडायला टपलेलाच असतो.

बहुतेक जण लिटरच्या भावापासून हिशेब मांडतात. मी म्हणेन, आधी चेंबर गार करणारा कंप्रेसर बघा. त्याची थेट चालू होणारी मोटर सुरुवातीला नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. हा झटका डिझेल इंजिन गॅसपेक्षा चांगला झेलतं. एलपीजीवर जायचं तर जनरेटर बहुधा एक माप मोठा घ्यावा लागतो, म्हणजे इंधनात वाचेल ते खरेदीतच जातं.

डिझेल लिटरमागे साधारण ३ ते ३.५ युनिट देतं. लिटर ९० रुपये धरलं तर युनिट २६ ते ३० रुपयांना. महाग आहे, पण वर्षाला किती तास चालणार तेही बघा ना! एलपीजीत व्यावसायिक सिलिंडरचा भाव दर महिन्याला बदलतो, तेव्हा त्या दिवशीचा किलोचा दर घेऊनच तुलना करा. मोठं इंजिन सलग चाललं की सिलिंडर गार पडून दाब उतरतो, म्हणून एकावर भागत नाही. चार-सहा जोडावे लागतात. घरगुती सिलिंडर लावणं बेकायदा आहे, तो विचारच नको.

एलपीजीच्या बाजूनेही बोलायला हवं. धूर कमी, आवाज थोडा कमी, आणि गॅस वर्षभर पडून राहिला तरी खराब होत नाही. जळगावात भर वस्तीत औषधाचं दुकान किंवा छोटा दवाखाना असेल तर मी तोच घेईन. पेट्रोल फक्त काउंटर, दोन पंखे, बिलिंगच्या कॉम्प्युटरपुरतं, चेंबरला नाही.

डिझेल मात्र टाकीत पडून राहिलं की पाणी धरतं, गाळ साचतो आणि नेमका गरजेच्या वेळी फिल्टर चोंदतो. महिन्यातून एकदा कंप्रेसरचा लोड देऊन अर्धा तास चालवा. रिकामं फिरवलं तर काजळीच धरते. नवीन घेताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी ४ प्लस या धुराच्या निकषांचा सेट आहे ना, ते विचारा. आणि ४५ अंशांत तो किती केव्हीए (वीज देण्याची क्षमता) देतो, हे विक्रेत्याकडून कोटेशनवर लिहून घ्या.