बीपीसाठी डॅश, भूमध्यसागरी आहार की नुसतं मीठ कमी?

डॉक्टर ‘खाण्यात बदल करा’ म्हणाले की हे तीन पर्याय समोर येतात. मुख्य तक्रार बीपीचीच असेल, तर मी डॅश (DASH, म्हणजे उच्च रक्तदाब रोखण्यासाठीची आहारपद्धती) निवडायला सांगेन.

हा आहार मुळात रक्तदाबासाठीच आखला गेला. अमेरिकेतल्या १९९७च्या चाचणीत ना मीठ कमी केलं होतं, ना वजन उतरू दिलं होतं. तरीही उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा नेहमीचं जेवण घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ११.४ने आणि खालचा ५.५ने जास्त उतरला, आणि हा फरक दोन आठवड्यांतच दिसू लागला होता. भाज्या आणि फळं भरपूर, कमी स्निग्धांशाचं दूध-दही, अख्खी धान्यं, कडधान्यं, थोडा सुकामेवा. गोड आणि संपृक्त चरबी (लोणी, तूप यांतली) कमी. भाज्याफळांतलं पोटॅशियम जादा सोडियम लघवीवाटे बाहेर टाकायला मूत्रपिंडांना मदत करतं. अडचण एकच: रोज एवढ्या भाज्या आणायच्या, चिरायच्या, शिजवायच्या. घरातल्या सगळ्यांनी हेच जेवण घेतलं तर टिकतं, एकट्यासाठी वेगळा स्वयंपाक फार दिवस होत नाही.

नुसतं मीठ कमी करणं आज रात्रीपासून जमतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाच्या चमच्याहून जरा कमीच. पण हात फक्त मिठाच्या डब्यापाशी आखडून भागत नाही; ब्रेड, चीज, सॉस, पाकिटबंद पदार्थ यांतही मीठ असतं. लेबलवरच्या सोडियमला अडीचने गुणा, मीठ कळेल. २००१च्या चाचणीत डॅश आणि कमी मीठ या जोडीचाच परिणाम सर्वांत मोठा होता. म्हणून यातलं एकच निवडायचा हट्ट कशाला?

भूमध्यसागरी आहारात ऑलिव्ह तेल, मासे, कडधान्यं आणि सुकामेवा येतो. बीपी त्याने थोडंच उतरतं, पण हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्यासाठी त्याचा पुरावा भक्कम आहे. मोजमापाचा कंटाळा असेल, तर हा खुशाल घ्या.

बीपीची गोळी चालू असेल तर आकडे सुधारले म्हणून ती मनाने बंद करू नका. आणि ‘लो सोडियम’ मिठाचं पाकीट घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असतील, तर ते रक्तात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. अशांनी डॅशही विचारूनच सुरू करावा.