बाबागाडीची सावली: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

फेब्रुवारी ते ऑक्टोबर, म्हणजे एक पुरता उन्हाळा, एक पावसाळा आणि वर ऑक्टोबरची काहिली. एवढ्या काळात एकाच बाबागाडीवर तीन प्रकारची सावली लावून झाली: दांडीला अडकवायची छत्री, हूडला पुढं जोडायचा पडदा आणि अख्खी गाडी झाकणारं जाळीचं कव्हर. गाडी साधी, घडीची, सातेक किलोची. फिरणं कोल्हापुरातलं: रंकाळा, विद्यापीठाचा परिसर आणि अधूनमधून महाद्वार रोड. निकाल आधीच सांगून टाकतो: पडदा रोजच्या वापरात राहिला, छत्री माळ्यावर गेली, कव्हर एका कामापुरतं ठेवलंय.

घेताना सगळ्यांची नजर यूपीएफच्या आकड्यावर जाते. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे २ टक्के, कापडातून आत येतो. आकडा खोटा नसतो, पण तो कोऱ्या, कोरड्या, न ताणलेल्या कापडाचा असतो. कापड ताणलं की वीण उघडते, सुती कापड भिजलं की अडवणं कमी होतं. आणि मुख्य म्हणजे सावली पडणार कुठं, हे तो आकडा सांगत नाही. आपल्याकडं सगळी गोम तिथंच आहे.

मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य कोल्हापुरावर जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा गाडीचं मूळ हूडही पुरतं, पण त्या वेळी बाळाला घेऊन बाहेर पडतंय कोण? आपण निघतो पाचला. एप्रिलअखेर संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर असतो. बाळाच्या चेहऱ्यापासून ५० सेंटीमीटर उंचीवर छत्री धरली, तर तिची सावली मीटरभर पलीकडं पडते. छत्री डोक्यावर आणि ऊन डोळ्यांत. रंकाळ्याच्या चौपाटीवर तर पाण्यावरची चकाकी हूडच्या खालून आत शिरते. त्या वेळेच्या उन्हात अतिनील किरण दुपारच्या मानानं कमी असतात, हे खरं. पण बाळ डोळे मिटून रडायला लागतं ते चकाकीनंच. हिवाळ्याचा हिशोब वेगळा. डिसेंबरात दुपारी बारा-साडेबारालाही सूर्य ५० अंशांच्या आसपासच चढतो, तोही दक्षिणेकडं. दक्षिणेला तोंड करून चाललात की समोरून ऊन. म्हणून डोक्यावर छप्पर किती मोठं, यापेक्षा पुढून आणि बाजूनं खाली किती उतरतं, ते आधी मोजा.

छत्रीचं दुखणं कापडात नाही, चिमट्यात आहे. चिमट्याचा जबडा गोल नळीसाठी बनवलेला असतो आणि गाड्यांच्या नळ्या बहुतेक लांबट-चपट्या. दोन ठिकाणीच टेकतो, मग पहिल्या गतिरोधकाला छत्री मान टाकते. स्क्रू आणखी आवळला तर प्लॅस्टिकला चीर जाते. यावर चालणारा उपाय सायकलच्या दुकानातली जुनी ट्यूब. जबड्यापेक्षा बोटभर रुंद पट्टी कापायची, नळी कोरड्या फडक्यानं पुसून पट्टीचे दोन वेढे घट्ट द्यायचे, त्यावर चिमटा बसवायचा. स्क्रू हातानं लागेल तेवढा लावून वर फक्त पाव फेरा. शे-दोनशे पावलं चाललं की पुन्हा एकदा तपासायचं, कारण रबर दबतं आणि पकड सैल पडते. घडीच्या सांध्यापाशी चिमटा लावू नये, गाडी मिटत नाही आणि बोट सापडतं. एवढं सगळं करूनही वाकणारी मान आठ-दहा आठवड्यांत ढिली झाली ती झालीच. आतली तार थकते, तिला इलाज नाही.

वाऱ्याचं वेगळंच. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या आधी जो वारा सुटतो, त्यात छत्रीचं शीड होतं. हँडलला पिशवी लटकवलेली असेल तर हलकी गाडी मागं कलंडू शकते. पन्हाळ्यावर छत्री उघडायचा विचारही नको. आणि महाद्वार रोडच्या गर्दीत काड्यांची टोकं बरोबर दुसऱ्यांच्या लहान पोरांच्या तोंडाच्या उंचीवर येतात. तिथं छत्री मिटूनच ठेवावी लागते, मग घेतली कशाला?

पडद्यानं हे सगळं टाळलं. मूळ हूडच्या कडेला तो वेल्क्रोनं किंवा टिचबटणांनी बसतो, पुढं तारेची कमान असते, बाजूंना इलॅस्टिकचे फास. कमान वरखाली करता येते, म्हणून ऊन जसं उतरेल तसा पडदा उतरवायचा. घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, हूडच्या कडेची लांबी टेपनं मोजून न्या. ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ या छापील ओळीवर जाऊ नका, पडदा आखूड पडला की मधे पोक येतो आणि त्या फटीतून नेमकी डोळ्यांवर तिरीप येते. दुसरी, जाळी काळी घ्या. पांढरी जाळी उन्हात स्वतःच चमकते आणि आतलं बाळ दिसत नाही, काळीतून स्वच्छ दिसतं. काळी तापते खरी, पण चेहऱ्यापासून वीतभर लांब आणि बाजूंनी मोकळी असेल तर आत त्रास जाणवत नाही. तिसरी, सुटी नाडी किंवा इलॅस्टिक वीतभरापेक्षा लांब लोंबत असेल तर कापून शिवून घ्या. गळ्याशी खेळ नको.

तयार पडद्यात एक उणीव सगळीकडं सारखी: बाजूचं ऊन. इथं शिंपी कामाला येतो. साधारण २५ सेंटीमीटर उंच आणि हूडच्या बाजूएवढा रुंद असा घट्ट विणीच्या पॉलिस्टरचा तुकडा, वरच्या कडेला तीन टिचबटणं, खालच्या कडेच्या दुमडीत एखादं नाणं किंवा पडद्याला लावतात तसलं वजन पक्कं शिवून. बाळाच्या हाताला नाणं लागता कामा नये, म्हणून दुमडीला दुहेरी शिलाई मागा. तुकडा एकच पुरतो. जाताना डावीकडं, येताना उजवीकडं. दोन्ही बाजू एकदम झाकायच्या नाहीत, हवा एका बाजूनं शिरून दुसऱ्या बाजूनं निघाली पाहिजे.

आता झाकण्याबद्दल, कारण दर दुसऱ्या गाडीवर दुपटं किंवा ओढणी अंथरलेली दिसते. कापड पातळ आहे, हवा लागते, असा समज. हवा लागत नाही, कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या प्रयोगात कोरडी मलमल टाकल्यावर गाडीच्या आतलं तापमान अडीच अंशांहून थोडं जास्त वाढलं. तीच मलमल ओली करून क्लिपचा छोटा पंखा लावला, तर साडेचार अंशांहून जास्त उतरलं. पण ओलं कापड गार करतं ते पाणी उडून जातं म्हणून. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी जमतं, दर १५-२० मिनिटांनी पुन्हा भिजवावं लागतं. जूनच्या दमट हवेत पाणी उडतच नाही, नुसती वाफ धरते. आणि ओलं असो वा कोरडं, चारी बाजू बंद करायच्या नाहीत. पंखा लावलाच तर पाती जाळीबंद हवीत आणि बाळाचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर. बाळाला उकडतंय का हे हातापायावरून कळत नाही, मानेमागं बोट घालून बघा. घाम असेल तर आधी झाकण काढा, सावली नंतर.

जाळीचं पूर्ण कव्हर याच कारणानं मागं पडलं. उन्हासाठी ते घेऊ नका. संध्याकाळी रंकाळ्यावर डास घोंगावायला लागले की मात्र त्याला तोड नाही, आमच्याकडं तेवढ्यासाठीच आहे.

हेही लक्षात असू द्या की सावलीतसुद्धा आकाशाकडून विखुरलेले अतिनील किरण येतातच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सनस्क्रीन सहसा लावत नाहीत, म्हणजे पडद्याखालीही सुती झबलं पूर्ण बाह्यांचं आणि टोपी काठाची हवी.

टिकाऊपणा. चंदेरी लेप दिलेलं कापड दिसायला झकास, पण रोजच्या घडीच्या रेषांवर लेप मेच्या शेवटाला पापुद्रे धरू लागला. ते पापुद्रे बाळाच्या मांडीवर पडतात, म्हणून लेपाचं नकोच, गडद रंगाचं घट्ट विणीचं घ्या. वेल्क्रोत लोकरीचे तंतू अडकतात. जुन्या टूथब्रशनं महिन्यातून एकदा विंचरला की पुन्हा धरतो. तारेची कमान मिटवताना दोन्ही टोकं धरून इंग्रजी आठचा आकडा करायचा आणि एक वेटोळं दुसऱ्यावर पाडायचं. जबरदस्तीनं मधे दुमडली की कायमची वाकडी.

उन्हात सर्वात आधी मरतं ते इलॅस्टिक. जूनपर्यंत पडद्याचे फास लोंबायला लागले. बदलणं दहा मिनिटांचं काम आहे: इलॅस्टिकच्या कापडी नळीचा एक टाका उसवायचा, नवं इलॅस्टिक सेफ्टी पिनेला लावून आत सारायचं, जुन्यापेक्षा दोन बोटं आखूड कापायचं. पिन आत उघडली नाही ना, एवढं चाचपून मग टाका घाला.

पावसाळ्यात पडदा गाडीवर तसाच ठेवला तर शिवणीत काळी बुरशी धरते. जूनलाच काढून कोमट पाण्यात साबणानं हातानं धुवायचा, न पिळता सावलीत वाळवायचा, पूर्ण कोरडा झाला की कापडी पिशवीत. पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकू नका, काही बाळांना त्या वासानं रक्ताचा त्रास होतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकलाय, ऑक्टोबरात बाहेर काढला तेव्हा कापडाला वास नव्हता. शिवणीत एक ठिपका सापडला, तो लिंबू-मिठानं गेला.