शब्द पाडणारं सॉफ्टवेअर, आठ महिन्यांनंतर: संधीपाशी घात झाला

एका गोष्टीसाठी मी या सॉफ्टवेअरवर एक कृत्रिम भाषा घडवतेय. मागच्या महिन्यात अपडेट आलं आणि माझ्या या भाषेतलं एक कडवं मोडलं. तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

हे सॉफ्टवेअर काय करतं ते थोडक्यात सांगते. व्यंजनं, स्वर आणि अक्षराचा साचा दिला की ते शब्द पाडतं. माझा साचा साधा आहे: व्यंजन, मग स्वर, आणि शेवटी हवं तर त्, न्, स्, ल्, र् यांपैकी एक. १२ व्यंजनं, ५ स्वर आणि शेवटाचे रिकामा धरून ६ पर्याय, म्हणजे ३६० अक्षरं. दोन अक्षरी शब्द झाले १,२९,६००. गोष्टीतल्या खलाशांच्या भाषेला एवढे पुरून उरतात. सोन्या लँग यांच्या २००१च्या टोकी पोना या कृत्रिम भाषेचं तर ९२ अक्षरांत भागतं.

अक्षर म्हणजे इथे उच्चारातलं अक्षर. 'बसला' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच: बस्-ला. सॉफ्टवेअरला हे आपोआप कळत नाही, प्रत्येक ठिकाणी पाय मोडून द्यावा लागतो. पहिला आठवडा त्यातच गेला. देवनागरीत काम करणाऱ्यांनी तेवढी तयारी ठेवा.

दुसऱ्या महिन्यात मी याला पाचपैकी दोन गुण दिले होते, कारण शब्द फार सारखे वाटायचे. सगळीकडे त, न, म. ग आणि ब क्वचितच. ते मत मी मागे घेते. सगळे ध्वनी समान वाट्याने येतील असा पर्याय निवडून शंभर शब्द पाडून पाहिले, तर ते कुठल्याच भाषेचे वाटेनात. खऱ्या भाषेत काही ध्वनी राबतात आणि काही कोपऱ्यात बसतात. मराठीत ळ कधी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही, आणि ङ, ञ तर जोडाक्षराबाहेर भेटतच नाहीत म्हटलं तरी चालेल. हा उतरता वाटा आणि ही जागेची बंधनं सॉफ्टवेअर फार सुंदर सांभाळतं. या एका गोष्टीसाठी मी वर्षाची वर्गणी आनंदाने भरली. मी सहसा वर्षाचे पैसे एकदम भरत नाही.

आता संधी. साचा एका अक्षरापुरता असतो. पण एका अक्षराचा शेवट पुढच्या अक्षराच्या सुरुवातीला भिडतो तिथे काय करायचं, हे साचा सांगत नाही. भाषेचा खरा आवाज मला तरी या सांध्यातच ऐकू येतो. चांगल्या कृत्रिम भाषांनी याचा विचार केलेला दिसतो. टोकी पोनात अक्षराच्या शेवटच्या न् नंतर म किंवा न येऊ देत नाहीत. लोजबानमध्ये जोडशब्द करताना घोष (ग, द, ब) आणि अघोष (क, त, प) स्पर्श समोरासमोर आले तर मध्ये एक पुसट स्वर घालावाच लागतो. १८८७च्या एस्पेरांतोत ते बोलणाऱ्याच्या जिभेवर सोडलंय: 'स्क्रिबताब्लो' (लिहिण्याचं टेबल) अवघड वाटलं तर 'स्क्रिबोताब्लो' म्हणा. आपण तर सत् + जन = सज्जन, जगत् + नाथ = जगन्नाथ शाळेतच घोकलेलं.

माझे नियम तीन. 'घोष': घोष व्यंजनापुढे त् चा द् होतो. 'नासिक': अनुनासिकापुढे त्, द् यांचा न् होतो. 'ओष्ठ': ओठांच्या व्यंजनापुढे न् चा म् होतो. याच क्रमाने चालवायचे. अनेकवचनाचा प्रत्यय 'मे'. म्हणून सोत् म्हणजे होडी, तिचं अनेकवचन सोत्मे, सोद्मे, सोन्मे असं घरंगळत सोम्मे होतं. सोन् म्हणजे मीठ. त्याचंही सोम्मेच. होड्या आणि मिठाचे खडे एकाच शब्दात! हे मी ठरवलं नव्हतं, नियमांनी दिलं. परत न आलेल्या होड्यांवरचं शोकगीत मी या एका शब्दावर उभं केलं.

अपडेटनंतर सॉफ्टवेअर नियम अकारविल्हे चालवू लागलं. ओष्ठ, घोष, नासिक. ओष्ठ आधी धावतो, पण तेव्हा समोर न् नसतोच, त् असतो. मग नासिक शेवटी येऊन न् करतो आणि तो तसाच राहतो. होड्या झाल्या सोन्मे, मीठ राहिलं सोम्मे. गाण्यातला श्लेष गेला. चौदाशेच्या आसपास शब्दांतले त् ने संपणारे सगळे शब्द असे बिघडले.

मदतकक्षाला चार मेल लिहिले. उत्तर आलं की दोन्ही क्रमांनी निघणारे शब्द वैधच आहेत, त्यामुळे ही चूक धरता येत नाही. पैसे परत मागितले, तेही नाही. या उत्तराचा मला मनापासून राग आहे. क्रम हा नियमाचाच भाग असतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांसाठी 'पूर्वत्रासिद्धम्' असं सूत्रच घालून ठेवलंय: नंतरच्या नियमाचं काम आधीच्या नियमाला दिसत नाही, म्हणून तिथे सूत्रं लिहिलेल्या क्रमानेच लागतात. भाषा घडवण्याचं साधन विकणाऱ्यांना नियमांची ओळ ही निव्वळ यादी वाटावी?

हे लिहायला घेतल्यावर एक उपाय सापडला, म्हणून वरचा राग थोडा कमी करून वाचा. नियमांच्या नावांपुढे आकडे घातले: १घोष, २नासिक, ३ओष्ठ. आकडे अक्षरांच्या आधी लागतात, त्यामुळे क्रम पुन्हा माझा झाला. सोम्मे परत आलं. मात्र हाताने दुरुस्त केलेले शब्द नव्याने पाडताना पुसले गेले, ते वहीतून पुन्हा भरतेय.

घ्यायचं असेल तर नियमांना पहिल्या दिवसापासून आकडे द्या आणि दर आठवड्याला शब्दसंग्रह साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून ठेवा. पाचपैकी साडेतीन. ध्वनींच्या उतरत्या वाट्याचे चार होते, अर्धा मदतकक्षाच्या उत्तराचा कापला. वर्गणीचे चार महिने उरलेत. तेवढ्यात क्रमाची वेगळी चौकट आली नाही तर पुढचं वर्ष भरणार नाही.