पहिली पानं गहाळ : सुएटोनियसचे बारा सीझर, आठ महिन्यांनंतर

काल रात्री पुस्तकाचे दोन तुकडे झाले. पुस्तक म्हणजे सुएटोनियस या प्राचीन रोमन लेखकाने लिहिलेली ज्युलियस सीझर आणि त्याच्यानंतरच्या अकरा रोमन सम्राटांची चरित्रं. क्लॉडियसपर्यंतचा भाग हातात राहिला आणि नीरोपासून पुढचा पलंगाखाली गेला. 249 रुपयांत आणखी काय येणार म्हणा. पण निमित्त झालंच आहे तर आठ महिन्यांचा हिशोब लिहून टाकते. सुरुवात भांडणापासून करते, कारण या पुस्तकाशी माझी ओळखच भांडणातून झाली.

पार्सल उघडलं आणि पहिलंच वाक्य वाचलं : ज्युलियस सीझरला सोळावं वर्ष चालू असताना त्याचे वडील वारले. बरं, वारले. पण हा जन्मला कधी, कुठे, आई कोण, घराणं कोणतं? काही नाही. मी आस्थापना शाखेत 31 वर्षं काढली आहेत. सेवापुस्तकाचं पहिलं पान नसेल तर पुढच्या सगळ्या नोंदींकडे संशयाने बघायचं, ही आमची सवय. तेव्हाच्या तेव्हा तक्रार ठोकली.

फोनवरचा मुलगा गोड बोलत होता. "मॅडम, पान नंबर एकपासून आहे ना?" आहे. "मग प्रॉब्लेम काय आहे?" प्रॉब्लेम हाच, की छापतानाच खाल्लंय! दोनदा फोटो पाठवले. आठव्या दिवशी दुसरी प्रत आली. तीही थेट वडिलांच्या मरणापासूनच सुरू. मी पैसे परत मागायच्या तयारीत बसले होते, तेवढ्यात भाचा आला. तो इतिहासाचा विद्यार्थी. पान बघून हसला आणि म्हणाला, "मावशी, ही पानं हरवून हजार वर्षं होऊन गेली."

खरंच तसं आहे. सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका लेखकाच्या हातात अख्खी प्रत होती. पुस्तक सेप्टिशियस क्लॅरस या सम्राटाच्या रक्षकदलाच्या प्रमुखाला अर्पण केलं होतं, हे त्याच्यामुळेच कळतं. पण आज सगळ्यात जुनं जे हस्तलिखित आहे, नवव्या शतकातलं, पॅरिसला ठेवलेलं, त्यात ती अर्पणपत्रिकाही नाही आणि सीझरचं लहानपणही नाही. पुढच्या सगळ्या नकला अशाच बिनडोक्याच्या. म्हणजे जगातली कुठलीही प्रत घ्या, सुरुवात हीच. चांगल्या आवृत्तीत तशी तळटीप असते. माझ्या प्रकाशकाने कागद वाचवायला टिपाच उडवल्या होत्या. तक्रार मागे घेतली, दुसरी प्रत परत केली. कुरियरवाल्याकडे जायचे रिक्षाचे पैसे मात्र माझेच गेले.

पहिले दोन महिने तरीही मी चिडलेलीच होते. याला सनावळी नावाची गोष्ट माहीतच नाही! ऑगस्टसच्या चरित्रात तो सरळ सांगूनच टाकतो, की आता काळाप्रमाणे जाणार नाही, विषयवार जाणार. मग युद्धं एकीकडे, कायदे दुसरीकडे, बायका, मित्र, जेवण, भीती, हस्ताक्षर, मरण, मृत्युपत्र. चाळीस वर्षांचा राज्यकारभार आणि नंतर शोधायला जाल तर एक साल धड हाताला लागत नाही. समासात पेन्सिलीने सालं लिहून लिहून माझी पेन्सिल संपली.

मत बदललं ते ऑगस्टसच्या छातीवर. त्याच्या छातीवर आणि पोटावर जन्मखुणा होत्या, त्यांची मांडणी सप्तर्षींसारखी होती, असं याने लिहून ठेवलंय. वाचलं आणि मला एकदम आमच्या सेवापुस्तकातला रकाना दिसला : ओळखीच्या खुणा. मग सगळंच दिसलं. घराणं, भूषवलेली पदं, चांगल्या नोंदी, वाईट शेरे, उंची, तब्येत, मृत्यू, वारस. अहो, ही सेवापुस्तकं आहेत! बारा सीझरांची बारा. आणि हा गृहस्थ होताही आपल्याच खात्यातला. सम्राट हेड्रियनच्या दरबारी पत्रव्यवहार विभागाचा प्रमुख. म्हणून तर ऑगस्टसची स्वतःच्या हातची पत्रं त्याला बघायला मिळाली. ऑगस्टस शब्द सुटे लिहायचा नाही (आमच्या आजोबांची मोडी आठवली), आणि ओळीच्या शेवटी जागा पुरली नाही तर उरलेली अक्षरं खालच्या ओळीवर न नेता तिथेच खाली लिहून भोवती गोल करायचा. एवढं बघायला कारकुनाचीच नजर लागते. त्याच पत्रांमधलं एक वाक्य : पालखीतून घरी येताना थोडासा पाव आणि जाड सालीच्या द्राक्षांचे थोडे मणी खाल्ले. अर्ध्या जगाचा मालक, आणि डबा हा असा.

पण मी खरी फिदा झाले कॅलिगुलाच्या जन्मस्थळावर. लोक या सम्राटाच्या लाडक्या घोड्याचं सांगत बसतात. मी या पानाची खूण घालून ठेवली आहे. कॅलिगुला कुठे जन्मला यावर वाद होता. एक लेखक म्हणतो रोमजवळचं टिबुर, प्लिनी नावाचा दुसरा लेखक म्हणतो जर्मनीच्या बाजूला एका खेड्यात. सुएटोनियस दोघांची बाजू मांडतो, दोघांच्या चुका दाखवतो आणि मग म्हणतो की सरकारी नोंदीत मला अँटियम हे गाव सापडलं. तारीख 31 ऑगस्ट, साल आपल्या हिशोबाने इ.स. 12. लोकांच्या जन्मतारखांच्या भानगडी निस्तरण्यात माझी निम्मी नोकरी गेली. तोंडी पुरावा, शेजाऱ्याचा पुरावा आणि शेवटी मूळ नोंदवही, हा क्रम मला पाठ आहे. हे प्रकरण मी चारदा वाचलं. नीरोच्या बाबतीतही तसंच. त्याच्या कविता दुसऱ्याच्या असायच्या अशी वदंता होती. हा म्हणतो, त्याच्या वह्या माझ्या हातात आल्या होत्या, त्यात खोडाखोड आहे, वर लिहिलंय, मध्ये घुसवलंय. नक्कल करणारा असं खोडत नाही. काय माणूस आहे!

आता वाईट शेरे. जिथे कागद नाही तिथे हाच माणूस कुजबुज जशीच्या तशी उतरवतो. सम्राट टायबेरियसचे काप्री बेटावरचे उद्योग वाचताना मी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, कारण आमचे हे सारखे "काय वाचतेस?" विचारत होते. रोमची आग नीरोनेच लावली असं हा बेधडक सांगतो. इतिहासकार टॅसिटसने मात्र अपघात की घातपात हे नक्की नाही असं लिहून ठेवलंय. आणि शेवटी शेवटी अंगच चोरलंय. ऑगस्टसला 101 प्रकरणं, टायटसला 11! दप्तराच्या चाव्या हातातून गेल्या म्हणून असं झालं, असं काही अभ्यासक म्हणतात, सगळ्यांना ते पटत नाही. चाव्या गेल्या हे मात्र सांगितलं जातं : सम्राज्ञी सबीनाशी वागताना दरबारी रीत सोडून सलगी केली, म्हणून हेड्रियनने याला आणि त्या सेप्टिशियसला एकदमच घरी बसवलं. पण गंमत ऐका. ही बातमी ज्या पुस्तकात आहे ते पुढच्या सम्राटांचं चरित्रपुस्तक याच्याच धर्तीवर लिहिलेलं. त्यात बनावट पत्रं आणि हुकूम खच्चून भरलेत. लेखक सहा असल्याचा दावा आहे, आणि हात एकाचाच असावा असं देसाऊ नावाच्या जर्मन विद्वानाने 1889 साली दाखवून दिलं. म्हणजे आमच्या माणसाच्या सेवापुस्तकातला वाईट शेरा नेमका खोट्या कागदांच्या फायलीत. (त्यातला हेड्रियनचा भाग त्यातल्या त्यात बरा मानतात. असो.)

चिकट लोकांनी व्हेस्पेशियनपासून सुरुवात केली तरी चालेल. लघवीवरच्या कराची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्यापेक्षा खेचरवाल्याची वाचा. प्रवासात खेचरवाला मध्येच उतरून खेचरांना नाल ठोकायला बसला आणि तेवढ्यात एक अर्जदार सम्राटाला गाठून बोलून गेला. व्हेस्पेशियनने खेचरवाल्याला विचारलं, नाल ठोकायचे किती मिळाले? आणि त्यातला आपला वाटा घेतला. 31 वर्षांत मी असे नाल ठोकणारे बरेच पाहिले. वाटा मागणारे त्याहून जास्त, पण इतक्या मोकळेपणाने मागणारा एकही नाही.

आज सकाळी दोन्ही तुकडे घेऊन बाइंडरकडे गेले. 120 म्हणाला, 80 वर आणला. 249 च्या पुस्तकाला 80 हे मला अजून पचलेलं नाही, पण शिवण पक्की केली आहे. पुढे त्याने दोन कोरी पानं घातली. सगळ्याच पुस्तकांना घालतो म्हणे.

घरी आल्यावर पहिल्या कोऱ्या पानाकडे बराच वेळ बघत बसले. सीझरच्या जन्मवर्षावर अजून वाद आहे, कोणी इ.स.पू. 102 सुद्धा म्हणतात. पण मेला तेव्हा त्याला छप्पन्नावं वर्ष चालू होतं, हे याच पुस्तकात आहे, आणि मेला इ.स.पू. 44 च्या मार्चमध्ये. शाळा सोडल्याचा दाखला नसला की आम्ही असंच मागे मोजायचो. नवी पेन्सिल काढली आणि लिहिलं : "जन्म इ.स.पू. 100. मृत्यूसमयीच्या वयावरून. मूळ नोंद गहाळ." खाली सही केली, तारीख टाकली.