वाफेचा स्टरिलायझर, काही महिन्यांच्या वापरानंतर: सगळं तळाच्या प्लेटवर अवलंबून

बाळाच्या दुधाच्या बाटल्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या या यंत्राची वैशिष्ट्यं पुन्हा लिहीत नाही. सहा बाटल्यांची जागा, वाफ, वाळवण, एक बटण; बाकीचं खोक्यावर छापलेलं असतं. लिहायला कारण झालं ते असं की यंत्र वाफेची फेरी अर्धवट सोडायला लागलं. दिवा लागतो, वाफ दिसते, झाकण गरम होतं, शेवटी 'झालं' म्हणून आवाजही येतो. वरून पाहणाऱ्याला काहीच बिघडलेलं वाटत नाही. पण ट्रे उचलून पाहिला तर तळाशी निम्मं पाणी तसंच. म्हणजे बाटल्यांना जेवढी वाफ मिळायला हवी तेवढी मिळालेलीच नसते, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. न चालणाऱ्या यंत्रापेक्षा हा दोष मला जास्त गंभीर वाटतो.

असं का होतं ते नीट समजून घ्या. या प्रकारची बहुतेक यंत्रं वेळ मोजत नाहीत, पाणी मोजतात. तळाला धातूची तापणारी प्लेट असते आणि तिच्या खालच्या बाजूला थर्मोस्टॅट. प्लेटवर पाणी आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या आसपास राहतं, कारण उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते. पाणी आटलं की प्लेट झपाट्याने तापते आणि थर्मोस्टॅट वीज तोडतो. पाणी कपाने मोजून घालायला सांगतात ते यासाठीच. ५०० वॅटच्या प्लेटला ९० मिली पाणी उकळून पूर्ण आटवायला हिशेबाने पावणेआठ मिनिटं लागतात. बाटल्यांवर जमून परत खाली गळणारं पाणी धरलं तर फेरी १० मिनिटांच्या आसपास जाते.

आता त्या प्लेटवर क्षारांचा थर बसला की काय होतं? पाण्यात विरघळलेली बायकार्बोनेटं उकळताना कार्बोनेट होऊन प्लेटला चिकटतात. हा थर उष्णता वर जाऊ देत नाही. पाणी शिल्लक असूनही थराखालची प्लेट जास्त तापते, थर्मोस्टॅट पाणी संपल्यासारखा वागतो आणि फेरी तोडतो. ५०० वॅटची फेरी ४ मिनिटांत संपली, तर ९० पैकी जेमतेम ४० मिली पाण्याची वाफ झालेली असते.

म्हणून यंत्र नवं असतानाच दोन आकडे लिहून ठेवा: पूर्ण फेरीला किती मिनिटं लागली, आणि फेरीनंतर तळाशी किती पाणी उरलं. काही मॉडेलांत थोडं पाणी नव्यातही उरतं, त्यामुळे स्वतःच्या यंत्राचा आकडा माहीत हवा. पुढे वेळ कमी व्हायला लागली किंवा पाणी जास्त उरायला लागलं की थर बसला समजा. डोळ्यांना तो दिसण्याआधी आकड्यांत दिसतो.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर मात्र फार चीड आणणारं होतं. प्लेटचा रंग बदलणं स्वाभाविक आहे, क्षारांमुळे आलेला बिघाड हमीत बसत नाही, तळाचा पूर्ण भाग बदला. त्या भागाची किंमत नव्या यंत्राच्या जवळ जाते. पुस्तिकेत चार आठवड्यांतून एकदा थर काढायला सांगितलंय. तो आकडा कुठल्या पाण्यासाठी, याचा उल्लेख कुठेच नाही. बोअरचं जड पाणी घालणाऱ्याला चार आठवडे परवडणारच नाहीत, त्याला दर आठवड्याला थर काढावा लागेल. हे खोक्यावर मोठ्या अक्षरांत असायला हवं, कारण इथे प्रश्न नुसता यंत्राच्या आयुष्याचा नाही, तान्ह्या बाळाच्या बाटलीचा आहे.

भाग न बदलता प्लेट ठीक होते, आणि तीही जवळजवळ फुकटात. १०० मिली कोमट पाण्यात १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून प्लेटवर ओता आणि अर्धा तास राहू द्या. यंत्र सुरू करायचं नाही. सायट्रिक ॲसिड उकळलं तर कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन नवाच पांढरा थर बसतो, तो काढणं आणखी अवघड. अर्ध्या तासाने ओतून टाका, मऊ स्पंजने पुसा, थर जाड असेल तर पुन्हा तेच करा. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तरी चालतं, पण त्याचा वास सिलिकॉनच्या निपलमध्ये शिरतो, म्हणून त्या वेळी बाटल्या लांब ठेवा. सुरी, तारेची घासणी अजिबात नको. प्लेटवर ओरखडे पडले की पुढचा थर तिथेच घट्ट धरतो. तळाचा भाग नळाखाली धरू नका, खाली वायरी असतात. दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी घालून ओता आणि मग एक फेरी बाटल्यांशिवाय चालवा.

डाग तपकिरी असतील आणि आम्लाने हलत नसतील, तर ते जळलेलं दूध आहे. याचा अर्थ बाटल्या आत ठेवण्याआधी नीट धुतल्या जात नाहीत. आधी थंड पाण्याने खळबळून घ्या, मग गरम पाणी, साबण आणि ब्रश. दूध लपतं ते बाटलीच्या पोटात नाही, तर झाकणाच्या आट्यांत, निपलच्या कडेखाली आणि गॅस होऊ नये म्हणून दिलेल्या छोट्या झडपेत. ती झडप दर वेळी सुटी काढा. वाफेने जंतू मरतात, दुधाचा थर निघत नाही, आणि त्या थराखाली वाफही नीट पोहोचत नाही.

थर बसूच नये यासाठी डिस्टिल्ड वॉटर सर्वांत चांगलं. एका फेरीला ९० मिली, म्हणजे एका लिटरमध्ये ११ फेऱ्या होतात. खर्च वाटतो तेवढा नाही. आरओच्या पाण्याने थर फार हळू बसतो, पण बसतो. काहीच नसेल तर पाणी आधी उकळून निवू द्या आणि वरचं निवळ घ्या, बराचसा क्षार भांड्याच्या तळाशी राहतो. फेरीनंतर उरलेलं पाणी यंत्र थंड झाल्यावर ओतून प्लेट कोरडी पुसून ठेवा. बाटल्यांवर पांढरे ठिपके दिसतात त्याचा दोष वाफेला देऊ नका; वाफेत क्षार नसतात. ते ठिपके धुतल्यानंतर अंगावर राहिलेल्या नळाच्या पाण्याचे.

आता वाळवणीबद्दल. सुरुवातीला मला हा भाग निव्वळ वीज खाणारा वाटत होता, आणि वीज तो खातोच: ४५ मिनिटं गरम हवा फेकण्यात वाफेच्या फेरीपेक्षा जास्त युनिट जाऊ शकतात. पण काही महिन्यांच्या वापरानंतर मत बदललं. ओली बाटली बाहेर काढून फडक्याने पुसली, की वाफेने केलेलं काम त्या फडक्याने वाया जातं. पावडर ओल्या बाटलीत टाकली की तिच्या गुठळ्या होतात, मोजमापही बिघडतं. तरी पैसे वाचवायचे असतील तर वाळवण नसलेलं यंत्र घ्या आणि झाकण न उघडता बाटल्या आतच राहू द्या, लागेल तेव्हा हात धुऊन काढा. बाटली तोंड खाली करून, निपल वरच्या ट्रेमध्ये, रिंग सुटी. एकात एक काहीही बसवायचं नाही.

उकळण्याशी तुलना करायलाच हवी, कारण तेच स्वस्त असं सगळे म्हणतात. २५ अंशांवरचं ३ लिटर पाणी उकळीला आणायलाच सुमारे ०.२६ युनिट उष्णता लागते. ९० मिली पूर्ण आटवायला ०.०६५. म्हणजे इंधनात वाफ चौपट स्वस्त. पण पातेलं बिघडत नाही आणि त्याला थर्मोस्टॅट नसतो, हा त्याचा फार मोठा गुण आहे. सगळे भाग पाण्याखाली पूर्ण बुडालेले, आत हवेचा बुडबुडा नाही, उकळी फुटल्यापासून १० मिनिटं. तळाला जाळी ठेवा, प्लास्टिक भांड्याला टेकू देऊ नका. काचेची बाटली थंड पाण्यातच ठेवून मग गॅस पेटवा. निपल मात्र उकळून लवकर चिकट आणि सैल होतात, ते तपासत राहा.

यूव्ही डबा, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा, मी सुचवणार नाही. त्यातला २५४ नॅनोमीटरचा प्रकाश साध्या काचेतून आणि बाटल्यांच्या पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमधून नीट पार जात नाही. जिथे प्रकाश थेट पडतो तेवढंच काम होतं, आणि आट्यांच्या खाचा, निपलचं आतलं टोक अंधारातच राहतात. क्लोरीनच्या गोळ्या प्रवासात आणि वीज नसताना उत्तम: ३० मिनिटं, सगळं बुडालेलं, २४ तासांनी द्रावण नवं, धातूचं काही आत नको. मायक्रोवेव्हचा डबाही ठीक, फक्त पाण्याचं माप आणि मिनिटं त्या डब्यावर लिहिलेल्या वॅटप्रमाणेच.

यापैकी काहीही वापरलं तरी दुधाची पावडर निर्जंतुक नसते हे लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान ७० अंश गरम पाण्यात कालवायला सांगते ते त्यातल्या क्रोनोबॅक्टरसारख्या जंतूंसाठी. बाटल्या किती दिवस निर्जंतुक करायच्या यावर संस्थांचं एकमत नाही. अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सीडीसी दोन महिन्यांखालच्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी रोजच्या निर्जंतुकीकरणावर भर देते. ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा एनएचएस किमान १२ महिन्यांपर्यंत करायला सांगते. यंत्र घ्यायचं की पातेल्यावर भागवायचं, हे तुमचे डॉक्टर यातलं काय सांगतात त्यावर ठरवा.

घेणारच असाल तर दुकानात झाकण काढून तळ बघा. प्लेट सपाट, उघडी आणि हात पोहोचेल अशी हवी. खाचेत बसवलेली गोल नळी असेल तर सोडून द्या, तिच्या कडेचा थर कधीच पूर्ण निघत नाही. आणि तळाचा भाग सुटा मिळतो का, केवढ्याला, हे पैसे देण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.